स्टीफन हिस्लॉप

रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप (८ सप्टेंबर, १८१७ – ४ सप्टेंबर, १८६३) हे नागपूर येथे कार्य केलेले स्कॉटिश ख्रिस्ती मिशनरी, शिक्षणतज्ज्ञ व भूशास्त्राचे अभ्यासक होते. मध्य भारतातील गोंड व अन्य आदिवासी जमातींची भाषा, गीते आणि चालीरीती यांची पद्धतशीर नोंद करणाऱ्या आरंभीच्या अभ्यासकांत त्यांची गणना होते. नागपुरातील हिस्लॉप महाविद्यालय त्यांच्या नावाने ओळखले जाते.

पूर्वायुष्य

हिस्लॉप यांचा जन्म स्कॉटलंडमधील बेरिकशायर परगण्यातील डन्स या गावी झाला. त्यांचे वडील गवंडीकाम करीत. धर्मविषयक लेखक अलेक्झांडर हिस्लॉप हे त्यांचे थोरले बंधू होत. स्टीफन यांचे उच्च शिक्षण एडिंबरा व ग्लासगो येथे झाले. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडल्यावर ते नव्या फ्री चर्चमध्ये सामील झाले. १८४४ मध्ये एरास्मा हल यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस हे दांपत्य मुंबईत उतरले.

नागपुरातील कार्य

१८४५ च्या आरंभी हिस्लॉप नागपूरला पोहोचले. त्या वेळी नागपूर ही तिसऱ्या रघूजी भोसल्यांची राजधानी होती. आजच्या नागपूर जिल्ह्यातील उमरेड, भिवापूर हा भागही त्यांच्याच राज्यात मोडत असे. मिशनऱ्यांना देशी राजाच्या मुलुखात राहून कार्य करायचे होते. ख्रिस्ती होऊ इच्छिणाऱ्या एका ब्राह्मण तरुणाच्या प्रकरणावरून मिशन व दरबार यांच्यात वादही झाला. धर्मांतर करणाऱ्यांची संख्या अल्पच राहिली.

हिस्लॉप यांनी प्रथम मराठी भाषा आत्मसात केली. १८४६ मध्ये त्यांनी नागपुरात शाळा सुरू केली. १८४७ मध्ये रॉबर्ट हंटर हे सहकारी म्हणून येऊन मिळाले. उपदेशासाठी गावोगाव फिरत असताना हिस्लॉप यांचा गोंडांशी संबंध वाढत गेला. ज्यांना शिकवण्यासाठी ते आले होते, त्यांच्याकडूनच ते शब्द, कथा व रीतिरिवाज शिकू लागले.

गोंडांविषयीचे संशोधन

हिस्लॉप यांनी गोंडी शब्दसंग्रह तयार केला आणि एका परधानाकडून लिंगो या गोंडांच्या पूर्वपुरुषाचे दीर्घ गीत लिहून घेतले. परधान हे गोंडांचे परंपरागत गायक असून जमातीचा इतिहास त्यांच्या मुखात जतन झालेला असे. हे गीत ख्रिस्ती शिकवणीपेक्षा सर्वस्वी भिन्न अशी सृष्टिकथा सांगणारे असूनही हिस्लॉप यांनी ते मूळ गोंडीत टिपून ठेवले. त्यांचे हे लेखन अपुरेच राहिले. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी ते संपादित करून १८६६ मध्ये प्रसिद्ध केले.

भूशास्त्रीय कार्य

नागपूरजवळील टाकळी येथे बेसाल्टच्या थरांमध्ये दबलेल्या गाळाच्या खडकांत हिस्लॉप व हंटर यांना गोड्या पाण्यातील शिंपल्यांचे आणि वनस्पतींचे जीवाश्म आढळले. नागपूर परिसराच्या भूरचनेवरील त्यांचा निबंध लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात छापून आला. मांगली येथे सापडलेल्या एका उभयचर प्राण्याच्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये केले व त्यास ब्रॅकिऑप्स असे नाव दिले. हिस्लोपाइट हे हिरवे खनिज आणि हिस्लोपिया ही गोड्या पाण्यातील सूक्ष्म जीवांची प्रजाती यांना हिस्लॉप यांचे नाव देण्यात आले आहे.

१८५७ चा उठाव

१८५४ मध्ये नागपूरचे राज्य ब्रिटिशांनी खालसा केले. जून १८५७ मध्ये नागपुरात होऊ घातलेल्या उठावाची सूचना हिस्लॉप यांना एका मुसलमान स्नेह्याकडून मिळाली व ती त्यांनी अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचवली, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. उठाव फसला आणि त्यात सामील असलेल्या काहींना फाशी देण्यात आले. या घटनेतून हिस्लॉप यांच्या स्थानिक मैत्रीची खोली दिसते; तसेच स्वजनांचे रक्षण आणि भोवतालच्या लोकांचे प्राण यांतील त्यांच्या स्थितीची कोंडीही दिसते.

मृत्यू

सप्टेंबर १८६३ मध्ये टेंपल यांच्यासमवेत हिस्लॉप नागपूरच्या दक्षिणेस बोरी येथे गेले होते. ४ सप्टेंबर रोजी जवळच्या टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळांचे उत्खनन पाहून ते सायंकाळी इतरांच्या मागाहून एकटेच घोड्यावरून परतत होते. वाटेतील नाल्याला पूर आला होता. तो ओलांडताना बुडून त्यांचा मृत्यू झाला. स्वाराविना आलेल्या घोड्यामुळे मुक्कामावर ही दुर्घटना लक्षात आली. छेचाळीसावा वाढदिवस चार दिवसांवर होता.

वारसा

हिस्लॉप यांनी उभारलेल्या शैक्षणिक कार्यातूनच १८८३ मध्ये नागपुरात हिस्लॉप महाविद्यालयाची स्थापना झाली. जॉर्ज स्मिथ यांनी लिहिलेले त्यांचे इंग्रजी चरित्र १८८८ मध्ये प्रसिद्ध झाले. गोंडी मौखिक परंपरेच्या अभ्यासात लिंगोच्या गीताची त्यांनी घेतलेली नोंद आजही महत्त्वाची मानली जाते.