खोल पाण्याचा शोधक नान्सेन

डहाणूच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी समुद्र दूरवर मागे हटतो. भरती आली की कोळीबांधवांची होडकी पुन्हा पाण्यात उतरतात. दोरीला जड वजन बांधून ती खाली सोडली, तर समुद्र किती वाव खोल आहे हे कळते. परंतु त्या खोलीवरचे पाणी किती थंड आणि किती खारट आहे, हे दोरीला सांगता येत नाही. घागर सोडावी, तर ती वरच्याच पाण्याने भरते. खाली जाऊन भरली, तरी वर येताना तिच्यात वाटेतले पाणी मिसळते. उष्णतामापकाचीही तीच गत. खाली दाखविलेला अंक वर येईपर्यंत बदलून जातो. हे कोडे सोडविण्यात ज्याने मोलाचा वाटा उचलला, तो फ्रिट्यॉफ नान्सेन आपल्या देशापासून हजारो मैल दूर, नॉर्वेमध्ये जन्मला.

त्याचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ रोजी ख्रिस्तियानिया शहराजवळ झाला. या शहरास आज ऑस्लो म्हणतात. लाकडी पट्ट्या पायांस बांधून बर्फावरून घसरत जाण्यात तो लहानपणीच तरबेज झाला. पुढे त्याने प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. १८८२ मध्ये सील माशांची शिकार करणाऱ्या एका जहाजावरून तो ग्रीनलंडजवळच्या समुद्रात गेला. (सीलला मासा म्हणण्याची आपली रीत असली, तरी तो सस्तन प्राणी आहे, हे विसरू नये.) सहा वर्षांनी, १८८८ मध्ये, पाच सोबत्यांसह त्याने ग्रीनलंडचे हिमपठार पूर्वेकडून पश्चिमेकडे पायी ओलांडले. पूर्वेचा किनारा जवळजवळ निर्जन होता. तेथून निघाल्यावर मागे फिरण्यास आधारच उरत नाही, म्हणून त्याने मुद्दाम तोच किनारा निवडला.

१८८१ मध्ये सायबेरियाच्या उत्तरेस एक अमेरिकन जहाज बर्फात चिरडून बुडाले होते. तीन वर्षांनी त्याच्या वस्तू ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्याजवळ सापडल्या. यावरून नान्सेनने असे अनुमान काढले, की ध्रुवसमुद्रातील बर्फ स्थिर नसून वाहत असते. मग त्याच बर्फात एखादे जहाज मुद्दाम गोठवून का सोडू नये? अनेक जाणत्या प्रवाशांनी हा बेत वेडेपणाचा ठरविला. नान्सेनने मात्र ‘फ्राम’ नावाचे गोलसर बुडाचे मजबूत जहाज बांधवून घेतले. बर्फाने दाबले, की ते चिरडण्याऐवजी वर उचलले जावे, अशी त्याची घडण होती. जून १८९३ मध्ये तेरा माणसे त्यातून निघाली.

ध्रुवसमुद्र उथळ असेल, अशी त्याची समजूत होती. म्हणून पुरेशी लांब दोरी त्याने घेतलीच नव्हती. प्रत्यक्षात तळ लागेना! अखेर जहाजावरील पोलादी तारेच्या दोराचे पदर उलगडून खलाशांनी एक लांबच लांब तार तयार केली, तेव्हा समुद्र तीन हजार मीटरांहून अधिक खोल असल्याचे आढळले. त्याहून मोठे नवल पाण्यात दडले होते. वरचे पाणी गोठण्याच्या बेतास आलेले, तर सुमारे दोनशे मीटरांखाली ते शून्य अंशाहून थोडे उबदार! हे पाणी अटलांटिक महासागरातून आत शिरले होते. १८९५ मध्ये नान्सेन एका सोबत्यासह कुत्र्यांच्या गाड्या घेऊन ध्रुवाकडे निघाला आणि ८६ अंश १४ कलांपर्यंत पोहोचून परतला. या साहसाचीच कीर्ती जगात अधिक झाली. आमच्या मते मात्र त्या तारेवरची मोजणी अधिक मोलाची होती. ऑगस्ट १८९६ मध्ये ‘फ्राम’ बर्फातून सुटले. तेराही जण सुखरूप घरी आले.

सर्वत्र गौरव होत असता नान्सेनला स्वतःच्याच आकड्यांविषयी शंका वाटू लागली. अतिखोल पाण्याच्या खारटपणातील फरक फारच सूक्ष्म असतो. पात्र किंचित गळले किंवा नमुन्यातील थोडेसे पाणी उडून गेले, तरी हिशेब चुकतो. आपली मापे पुरेशी अचूक नाहीत, हे ओळखून तो उपकरणे सुधारण्याच्या मागे लागला. त्यातून ‘नान्सेन बाटली’ घडली.

ही बाटली म्हणजे दोन्ही टोकांस झडपा असलेली धातूची नळी होय. ती तारेला अडकवून उघडीच खाली सोडतात, त्यामुळे पाणी तिच्यातून आरपार वाहत राहते. हव्या त्या खोलीवर पोहोचली, की वरून तारेवरून एक लहानसे वजन घसरत सोडतात. त्याच्या धक्क्याने बाटली उलटी होते आणि दोन्ही झडपा मिटतात. त्याच क्षणी ती दुसरे वजन खालच्या बाटलीकडे धाडते. अशा रीतीने एका तारेवरील अनेक बाटल्या एकामागून एक वेगवेगळ्या खोलीवरचे पाणी कोंडून घेतात. बाटलीला जोडलेला उष्णतामापकही उलटतो. त्यातील पारा एका अरुंद जागी तुटतो व खालचे तापमान वर येईपर्यंत जसेच्या तसे राहते.

पहिल्या महायुद्धानंतर नान्सेन दुःखितांच्या सेवेकडे वळला. चार लाखांहून अधिक युद्धकैद्यांना त्याने मायदेशी पोहोचविले. ज्यांना देशच उरला नव्हता, अशा निर्वासितांसाठी ‘नान्सेन पारपत्र’ सुरू केले. १९२२ मध्ये त्याला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. ती रक्कमही त्याने पीडितांसाठीच वेचली. १३ मे १९३० रोजी तो निवर्तला.

१९६२ ते १९६५ या काळात भारतीय नौदलाच्या ‘कृष्णा’ या जहाजावरून शास्त्रज्ञांनी हिंदी महासागराची पाहणी केली. त्यानंतर १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. ती आज गोव्यात दोना पावला येथे आहे. आता विजेवर चालणारी यंत्रे तापमान व खारटपणा क्षणोक्षणी तारेतून वर कळवितात. पाण्याच्या नमुन्यासाठी मात्र बाटली खाली सोडावीच लागते. अशा मोजणीतूनच कळले, की आपल्या अरबी समुद्राच्या मध्यभागी सुमारे दीडशे मीटरांपासून हजार मीटरांपर्यंतच्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नाहीच. वरून पाहावे, तर लाटा इतर कोणत्याही समुद्रासारख्याच दिसतात.