गौतमीपुत्र सातकर्णी : आईच्या नावाने ओळखला गेलेला राजा



पाचोडच्या विद्यार्थ्याला पैठण हे आपल्या तालुक्याचे गाव म्हणून परिचित असते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात याच गावी, म्हणजे तत्कालीन प्रतिष्ठान नगरीत, सातवाहनांची राजधानी होती. त्या घराण्यातील गौतमीपुत्र सातकर्णी याचा परिचय आपण करून घेऊ.

पश्चिम क्षत्रपांच्या क्षहरात कुळातील नहपानाने सातवाहनांचा मोठा प्रदेश बळकावला होता. गौतमीपुत्राने त्याचा पराभव करून तो परत मिळवला. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली नहपानाची सुमारे १३,००० चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा उमटवलेला आहे. विजयाचा याहून बोलका पुरावा क्वचितच मिळेल.

आता त्याच्या वंशाकडे वळू. नाशिकच्या पांडवलेण्यांतील ३ क्रमांकाच्या लेण्यात त्याची आई गौतमी बलश्री हिचा प्राकृत लेख आहे. नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या कारकिर्दीच्या १९व्या वर्षी, बहुधा मुलाच्या पश्चात, तिने तो कोरवला. भिक्षुसंघाला लेणे दान देताना तिने मुलाचे पराक्रम आणि त्याची मातृभक्ती सविस्तर नोंदवली. ती स्वतःला राजाची आई आणि राजाची आजी म्हणवते. पतीचे नाव मात्र त्या लेखात नाही. याच लेण्यातील गौतमीपुत्राच्या २४व्या वर्षाच्या लेखातही भिक्षूंना जमीन देण्याची आज्ञा राजा आणि राजमाता या दोघांच्या नावाने निघालेली दिसते.

यावरून सातवाहनांत मातृसत्ता होती, असा निष्कर्ष तुम्ही काढाल. परंतु तो घाईचा ठरेल. गौतमी, वासिष्ठी ही नावे मातेचे गोत्र सांगतात. सिंहासन मात्र पित्याकडून पुत्राकडे गेले, हे पुळुमावीच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. मातेचा मान आणि वारसाहक्क या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे येथे ध्यानात घ्यावे.

तरीही एक गोष्ट उरतेच. या पराक्रमी राजाचे आपल्याला ज्ञात असलेले चरित्र मुख्यतः त्याच्या वृद्ध आईने कोरवून ठेवले, म्हणूनच टिकले.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न : तुमच्या घराण्याची वंशावळ आठवून लिहा. तीत किती स्त्रियांची नावे आली, ते पाहा आणि त्याचे कारण पाच ओळींत सांगा.