अँटिबायोटिकचा अपुरा डोस का घातक? पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंग यांनीच दिला होता इशारा

अलेक्झांडर फ्लेमिंग यांचा जन्म १८८१ मध्ये स्कॉटलंडच्या शेतकरी कुटुंबात झाला. पहिल्या महायुद्धात डॉक्टर म्हणून काम करताना त्यांनी जखमा चिघळून सैनिक दगावताना पाहिले. १९२८ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात त्यांना बुरशीतले पेनिसिलिन सापडले. फ्लोरी आणि चेन यांनी त्याचे औषध केले. तिघांना १९४५ चे नोबेल मिळाले. डोस अपुरा पडला तर जिवाणू औषधाला दाद देणार नाहीत, असे फ्लेमिंग यांनी नोबेल भाषणातच बजावले होते. १९५५ मध्ये त्यांचे निधन झाले.

'लॅन्सेट'मधील अभ्यासानुसार, २०१९ मध्ये अशा जिवाणूंमुळे जगात सुमारे १२.७ लाख मृत्यू झाले. परभणी असो वा जिंतूर, मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय दोन-चार गोळ्या घेणे म्हणजे हाच अपुरा डोस.