पाववाल्याची बायको

नवऱ्याला सोडून गेलेली बायको परत येते. नवरा तिला रागाचा एक शब्द बोलत नाही. तेवढ्यात त्यांची भटकायला गेलेली मांजरी पोंपोनेत दारात हजर होते आणि नवऱ्याच्या तोंडाचा पट्टा सुटतो तो तिच्यावर! बिचारा बोका तुझ्यासाठी किती झुरला, तुला त्याचं काही आहे का? ऐकता ऐकता इकडे बायकोच्या डोळ्यांना धारा.

१९३८च्या ‘ल फाम द्यु बुलांजे’ या फ्रेंच चित्रपटातला हा प्रसंग. नाव अगदी साधं, पाववाल्याची बायको. लेखक-दिग्दर्शक मार्सेल पान्योल.

पान्योल १८९५चा, मार्सेय शहराजवळच्या ओबान्य गावातला. वडील शाळामास्तर, आई ओगस्तीन शिवणकाम करायची. सुट्टीत सगळे ला त्रेयच्या डोंगरात राहायला जात. तो पंधरा वर्षांचा असताना आई गेली. पुढे हाही मास्तर झाला, इंग्रजीचा. १९२२ला पॅरिसला आला, मग नोकरी सोडून नाटकांत पडला. ‘तोपाझ’, ‘मारियुस’ तुफान चालली. बोलपट आल्यावर नाटकवाले नाकं मुरडत होते. यानं मात्र मार्सेयला स्वतःचा स्टुडिओच थाटला.

‘पाववाल्या’ची मूळ कथा झां जिओनोची. बायको मेंढपाळाबरोबर पळून जाते, नवरा पाव भाजणं सोडतो आणि सगळं गाव तिला शोधायला निघतं. गावाला काळजी पावाची हो, तिची नव्हे! रेम्यूनं केलेला नवरा विसरता येत नाही. पण ऑरेली? तिच्या वाट्याला जेमतेम चार वाक्यं. म्हणतात, पान्योलच्या मनात या भूमिकेसाठी जोन क्रॉफर्ड होती आणि तिला फ्रेंच येत नाही म्हणून संवाद कमी केले. असेलही. पण ज्याचे सिनेमे गप्पांवर उभे, त्याची नायिकाच मुकी, हे मला खटकतं.

१९४६ला तो फ्रेंच अकादमीत निवडून आला. १९५४ला चिमुकली लेक एस्तेल गेली आणि तो पार खचला. त्यानंतर लिहिलेल्या आठवणींच्या एका पुस्तकाच्या नावातच आई आहे. १९७४ला तो गेला. ला त्रेयच्या दफनभूमीत आई आणि लेकीजवळच विसावला.

दोनच वर्षांनी अमेरिकेत याच सिनेमाचं संगीत नाटक आलं. संगीत स्टीफन श्वार्ट्झचं, संहिता ‘फिडलर ऑन द रूफ’वाल्या जोसेफ स्टाइनची. अपेक्षा केवढ्या! पण दौऱ्यावर असतानाच मुख्य नट बदलला, नायिका बदलली, रोज काहीतरी कापाकापी. ब्रॉडवेला पोचण्याआधीच, वॉशिंग्टनला, नाटक बंद पडलं. १९८९ला लंडनमध्ये पुन्हा केलं, ५६ प्रयोगांत आटोपलं.

त्यात बायकोला एक लांबलचक गाणं होतं, ‘मेडोलार्क’. म्हाताऱ्या राजाकडे सुखात राहिलेला एक पक्षी, त्याला उडायला बोलावणारा सूर्यदेव, आणि राजाला दुखवायचं नाही म्हणून न गेलेल्या त्या पक्ष्याचं काय झालं, ते आठवून ही घर सोडायचं ठरवते. गाणं लांबतं म्हणून निर्माता डेव्हिड मेरिक ते काढायच्या मागे लागला होता. पॅटी ल्युपोन ते गायची. नाटक पडलं, पण ते गाणं तिनं पुढे कित्येक वर्षं मैफलींत गायलं, आणि आजही गायिका आवाजाची परीक्षा द्यायला जाताना हेच निवडतात.