ज्यूल व्हर्न आणि न पाहिलेला हिंदुस्थान

विज्ञानकथेची गोडी लागलेल्या मराठी वाचकाने पाश्चात्त्य लेखकांपैकी प्रथम कोणाला हाती घ्यावे असे विचारले, तर बहुतेक जाणकार ज्यूल व्हर्न आणि एच. जी. वेल्स ही दोन नावे घेतात आणि लगेच पहिल्याला मुलांच्या कपाटात ठेवून दुसऱ्याकडे वळतात. ही वाटणी व्हर्नवर अन्याय करणारी आहेच. परंतु तीत भारतीय भाषांच्या अभ्यासकाचे अधिक नुकसान झाले आहे. ज्या कादंबऱ्यांत हिंदुस्थान, १८५७ चा उठाव आणि प्रत्यक्ष नानासाहेब पेशवे येतात, नेमक्या त्याच कादंबऱ्यांची चर्चा आपल्याकडे क्वचित होते. व्हर्नच्या चरित्राकडे प्रस्तुत लेखात याच अंगाने पाहावयाचे आहे.

व्हर्नचा जन्म ८ फेब्रुवारी १८२८ रोजी फ्रान्समधील नांत या बंदराच्या गावी, लुआर नदीतील फेदो बेटावर झाला. वडील पिएर हे वकील. आईचे घराणे जहाजांशी संबंध असलेले. धाकटा भाऊ पॉल पुढे नौदलात गेला. थोरल्याच्या वाट्याला मात्र वडिलांची गादी चालविण्याचे कर्तव्य आले होते. अकराव्या वर्षी तो हिंदुस्थानाकडे निघालेल्या एका जहाजावर गुपचूप चढला, नात्यातील बहिणीसाठी पोवळ्यांची माळ आणावी असा त्याचा बेत होता, आणि वडिलांनी पुढच्या बंदरात गाठून त्याला परत आणले, अशी आख्यायिका आहे. घराण्यातील एका लेखिकेने १९२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रातून ती जगभर पसरली. आजचे संशोधक तिच्यावर विश्वास ठेवीत नाहीत. ती खरी नसली तरी चांगली निवडलेली आहे, असे म्हणावेसे वाटते. व्हर्न हिंदुस्थानात कधीच आला नाही. लेखणीने मात्र तो येथे वारंवार आला.

कायद्याच्या शिक्षणासाठी तो १८४८ मध्ये पॅरिसला गेला, पदवी मिळविली, आणि वकिली करण्यास नकार दिला. थोरला व धाकटा अशा दोन्ही द्युमांच्या ओळखीमुळे त्याला रंगभूमीचे दार उघडले; एका नाट्यगृहाचा चिटणीस म्हणून त्याने काही वर्षे काढली. नाटके फारशी चालली नाहीत. परंतु संवादाची चपळाई आणि प्रवेशाच्या शेवटी प्रेक्षकाला ताटकळत ठेवण्याची युक्ती तो तेथेच शिकला असावा. उरलेला वेळ राष्ट्रीय ग्रंथालयात भूगोल, खगोल, प्रवासवर्णने यांची टिपणे काढण्यात जाई. जानेवारी १८५७ मध्ये त्याने ऑनोरीन या दोन मुलींच्या विधवा मातेशी विवाह केला आणि संसारासाठी रोखेबाजारात दलाली पत्करली. त्याच वर्षी मेरठ, कानपूर आणि झाशी ही नावे युरोपच्या वृत्तपत्रांत झळकू लागली. या दलालाच्या टिपणवह्यांत ती पुढे कोणत्या रूपाने उतरणार होती, हे त्या वेळी कोणालाच ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

१८६२ मध्ये प्रकाशक एत्सेल याची भेट झाली आणि व्हर्नच्या आयुष्याला वळण लागले. जानेवारी १८६३ मध्ये ‘बलूनमधून पाच आठवडे’ ही आफ्रिकेवरील कादंबरी निघाली आणि ‘असामान्य प्रवास’ या मालेचा पाया घातला गेला. एत्सेल हा केवळ छापणारा नव्हता. तो संपादक होता, पालक होता आणि प्रसंगी परीक्षण-अधिकारीही होता. विसाव्या शतकातील पॅरिसचे एक काळोखे चित्र व्हर्नने लिहून दिले, ते त्याने सरळ परत केले. ते हस्तलिखित व्हर्नच्या पणतवाला १९८९ मध्ये सापडले आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. यंत्रांनी भरलेल्या आणि काव्याला जागा न उरलेल्या शहरात उपाशी मरणाऱ्या कवीची ती कथा आहे. व्हर्न हा यंत्रयुगाचा भाबडा भाट होता, असे मानणाऱ्यांनी ती अवश्य वाचावी. कादंबरी म्हणून ती कच्ची आहे. पुरावा म्हणून अमोल आहे.

यानंतरची दहा-बारा वर्षे भरभराटीची. ‘पृथ्वीच्या पोटातील प्रवास’ १८६४ मध्ये, चंद्राकडे तोफेने माणसे पाठविणारी कादंबरी १८६५ मध्ये, आणि ‘समुद्राखाली वीस हजार योजने’ १८६९-७० मध्ये आली. फ्लोरिडातून उड्डाण, तीन प्रवासी आणि परतताना प्रशांत महासागरात पतन हे योगायोग १९६९ नंतर पुष्कळदा सांगितले गेले आहेत. त्यांत वेळ घालविण्याचे कारण नाही. कॅप्टन नेमोची जन्मकथा मात्र तपशिलात पाहण्यासारखी आहे. व्हर्नच्या मनात नेमो हा रशियाच्या झारविरुद्ध सूड घेणारा पोलिश सरदार होता. रशियातील विक्री आणि राजकीय भानगड यांचा विचार करून एत्सेलने त्याला हरकत घेतली. परिणामी या कादंबरीत नेमोला देशच उरला नाही. फक्त सिंहलद्वीपाजवळच्या प्रसंगात, शार्कच्या तावडीतून वाचविलेल्या गरीब मोतीपाणबुड्याच्या हाती मोत्यांची थैली ठेवल्यानंतर, आपण दडपलेल्यांच्याच देशाचे आहोत असे तो सूचित करतो.

‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’ १८७२ च्या अखेरीस एका पॅरिसच्या दैनिकातून क्रमशः आली. तिच्यातील मुंबई मराठी वाचकाला गंमत वाटावी अशी आहे. फिलिआस फॉग २० ऑक्टोबरला मुंबईस उतरतो. त्याचा नोकर मलबार हिलवरील देवळात पायांतील जोडा न काढता शिरतो आणि मार खाऊन अनवाणी पळतो. मग कल्याण, नाशिक, खानदेश आणि बऱ्हाणपूर मागे टाकीत जाणारी गाडी अचानक थांबते, कारण पुढचा लोहमार्ग तयार नाही. फॉग दोन हजार पौंड देऊन हत्ती विकत घेतो. वस्तुतः मुंबईकडून येणारा मार्ग जबलपूरला कलकत्त्याच्या मार्गाशी मार्च १८७० मध्येच जोडला गेला होता. कथेसाठी हत्ती हवा होता, म्हणून व्हर्नने रूळ उखडले असेच म्हणावे लागेल. रेल्वेची वेळापत्रके ज्याच्या कथानकाचा कणा आहेत, त्याने हिंदुस्थानात मात्र गाडीपेक्षा हत्तीला पसंती द्यावी, हे अर्थपूर्ण आहे.

‘गूढ बेट’ १८७४-७५ मध्ये आले आणि तेथे नेमोला अखेर देश मिळाला. मरणशय्येवरील नेमो हा बुंदेलखंडाच्या राजाचा पुत्र आणि टिपू सुलतानाच्या वंशाशी नाते असलेला राजपुत्र डक्कर निघतो. युरोपात शिकलेला हा तरुण १८५७ च्या उठावात पुढे राहून लढतो. त्याची बायकोमुले मारली जातात. उठाव मोडल्यावर तो उरलेल्या सोबत्यांसह समुद्राखाली जातो. बुंदेला राजपुत्र आणि टिपूचा आप्त ही जोडणी इतिहासाला धरून नाही, आणि दोन कादंबऱ्यांतील सनावळीही परस्परांशी जुळत नाही. असे असूनही एकोणिसाव्या शतकातील युरोपीय साहित्यात १८५७ च्या बंडखोराला शास्त्रज्ञ, संगीतज्ञ आणि शोकान्त नायक अशा तिन्ही रूपांत उभे करणारी दुसरी इतकी लोकप्रिय कादंबरी दाखविणे कठीण आहे. माझ्या मते व्हर्नची सर्वोत्कृष्ट कादंबरी हीच.

१८७९ ची ‘बेगमचे पन्नास कोटी’ ही कादंबरी मूळची पास्काल ग्रूसे या निर्वासित क्रांतिकारकाच्या हस्तलिखितावरून व्हर्नने नव्याने लिहिली. एका हिंदुस्थानी बेगमची अफाट संपत्ती दोन वारसांत वाटली जाते. फ्रेंच डॉक्टर तिच्यातून आरोग्याचे आदर्श नगर वसवितो, तर जर्मन प्राध्यापक पोलादाचे शहर उभारतो, ज्यात फक्त तोफा ओतल्या जातात. जर्मनांविषयीचा द्वेष तीत उघड आहे, कारण १८७०-७१ च्या पराभवाची जखम ताजी होती. पण पोलादनगरीची वर्णने द्वेषाच्या पलीकडे जातात. रायपूरला लागून असलेल्या बीरगांवात बसून, उरला औद्योगिक क्षेत्रातील लोखंडाच्या कारखान्यांच्या शेजारी ती वाचली, तर काळ्या आकाशाची, भट्टीच्या तालावर चालणाऱ्या पाळ्यांची आणि कोळशाच्या खाणीत गुदमरून मरणाऱ्या पोराची ती पाने कल्पित वाटत नाहीत. ज्या बेगमच्या पैशावर ही दोन्ही नगरे उभी राहतात, तिच्या देशाला मात्र त्यातील काही मिळत नाही. हा प्रश्न कादंबरीत कोणीही विचारीत नाही, व्हर्नसुद्धा नाही.

१८८० ची ‘वाफेचे घर’ ही मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत अडचणीची कादंबरी होय. प्रारंभ औरंगाबादेत मार्च १८६७ मध्ये होतो. भिंतीवर जाहीरनामा लागला आहे : धोंडोपंत ऊर्फ नानासाहेब याला पकडून देणाऱ्यास दोन हजार पौंड. फॉगच्या हत्तीची किंमत आणि पेशव्याच्या शिराची किंमत व्हर्नच्या हिशेबात सारखीच आली; हे त्याने जाणून केले असेल असे वाटत नाही. दुसरीकडे कलकत्त्याहून काही युरोपीय मंडळी चाकांवरच्या बंगल्यांत बसून निघतात, आणि ते बंगले ओढतो पोलादी हत्ती, ज्याच्या पोटात बाष्पयंत्र आहे. फॉगचा हत्ती आणि त्याची रेल्वे येथे एकाच देहात एकत्र आली आहेत. मंडळींतील कर्नल मन्रो याची पत्नी कानपूरच्या हत्याकांडात गेली असे तो समजतो, आणि नानासाहेबांचा सूड हेच त्याचे जीवितकार्य आहे.

व्हर्नने लुई रूसलेसारख्या प्रवाशांची वर्णने वाचली होती. इंग्रजांनी शिपायांना तोफेच्या तोंडी दिल्याचेही त्याने लपविलेले नाही. पण त्याचे नानासाहेब हे केवळ दुष्टतेचे बुजगावणे आहेत. बिठूर, बाजीरावांचे दत्तकविधान, बंद झालेला तनखा यांतून घडलेला माणूस तेथे नाही. आता नेमो आणि मन्रो यांना शेजारी ठेवून पाहावे. दोघांचेही कुटुंब १८५७ ने हिरावले, दोघेही सूडाने पेटलेले. पाच वर्षांपूर्वी ज्या लेखकाने हे दुःख बंडखोराला दिले, त्यानेच ते आता इंग्रज कर्नलला दिले आणि सहानुभूतीही तिकडे वळविली. याचा दोष एत्सेलला देता येणार नाही. कल्पित राजपुत्राला व्हर्न मुक्तपणे घडवू शकला; खऱ्या नानासाहेबांच्या बाबतीत मात्र युरोपच्या वृत्तपत्रांनी वीस वर्षे रंगविलेले चित्र त्याने ग्रंथालयातून उचलले. ग्रंथालयातून जग पाहणाऱ्याची मर्यादा येथे उघडी पडते. तरीही ही कादंबरी टाकून देऊ नये. बॉयलर फुटून त्या पोलादी हत्तीचा जो अंत होतो, त्यात व्हर्नच्या यंत्रश्रद्धेचा तडाही ऐकू येतो.

उत्तरायुष्य सावळे आहे. पत्नीच्या आमियाँ या गावी तो १८७१ पासून राहत होता. मार्च १८८६ मध्ये मनाचा तोल गेलेल्या पुतण्याने त्याच्यावर पिस्तूल झाडले. पायात अडकलेली गोळी काढता आली नाही आणि तो कायमचा लंगडला. त्याच महिन्यात एत्सेल वारला, पुढच्या वर्षी आई. स्वतःची नौका तो आधीच विकून बसला होता. १८८८ मध्ये तो आमियाँच्या नगरपालिकेवर निवडून आला आणि नाट्यगृहाच्या कारभारात त्याने मन लावून काम केले. मधुमेह आणि क्षीण दृष्टी असतानाही वर्षाला एक-दोन कादंबऱ्यांचा क्रम चालू राहिला. २४ मार्च १९०५ रोजी त्याचे निधन झाले. उरलेल्या हस्तलिखितांत पुत्र मिशेल याने बरेच फेरफार करून ती छापली, हे पुढे संशोधकांनी मूळ प्रती तपासून दाखविले.

मराठीत व्हर्न त्याच्या हयातीतच पोहोचला. कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी कोचीनमध्ये राहून चालविलेल्या ‘केरळ कोकिळ’ मासिकात त्याच्या चंद्रप्रवासाचे भाषांतर विसाव्या शतकाच्या आरंभी क्रमशः येऊ लागले. हिंदीत ‘सरस्वती’ने १९०० मध्ये केशवप्रसाद सिंह यांची चंद्रयात्रा छापली, बंगालीत जगदीशचंद्र बसूंनी त्याआधी, १८९६ मध्ये, केसांच्या तेलाने वादळ शमविणारी कथा लिहिली होती. ही तीन उदाहरणे एकत्र ठेवून अभ्यासण्याजोगी आहेत. पुढे भा. रा. भागवतांनी ‘चंद्रावर स्वारी’सारखी रसाळ रूपांतरे केली आणि व्हर्न घरोघरी गेला. भागवतांचे ऋण मोठे आहे. पण ती कुमारांसाठी होती, आणि हिंदुस्थानात दीर्घकाळ वाचला गेलेला इंग्रजी व्हर्न हाच मुळी कापलेला होता. लुईस मर्सियरच्या भाषांतरात समुद्रकादंबरीचा पाचवा हिस्सा तरी गळाला आहे. ‘गूढ बेटा’च्या १८७५ च्या इंग्रजी आवृत्तीत तर नेमोचे इंग्रजविरोधी आत्मकथन बदलून मवाळ करण्यात आले. म्हणजे मूळ फ्रेंचमध्ये जो बंडखोर होता, तो हिंदुस्थानात पोहोचेपर्यंत जवळजवळ पश्चात्तापदग्ध झाला होता.

म्हणून वाचकांना सुचवावयाचे ते इतकेच. समुद्रकादंबरी आणि ‘गूढ बेट’ या दोन्ही अलीकडच्या संपूर्ण भाषांतरांतून, याच क्रमाने, वाचाव्यात; एकीवाचून दुसरी अपुरी आहे. त्यानंतर पोलादनगरी. वेल्स मागाहून वाचला तरी चालेल, आणि जयंत नारळीकरांची ‘वामन परत न आला’ त्याच्याही नंतर. ‘वाफेचे घर’ मात्र एकटे वाचू नये. त्याच्या शेजारी वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ ठेवावा. व्हर्नची कादंबरी १८८० ची, गोडसे भटजींचे लेखन सुमारे १८८३ चे. एकाने हा देश कधी पाहिला नव्हता. दुसरा दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेला आणि झाशीच्या वेढ्यात सापडला. भटजींचे पुस्तक १९०७ मध्ये छापले गेले, तेव्हा व्हर्नला जाऊन दोन वर्षे झाली होती.