गॅलिलिओ

गॅलिलिओ यांचा जन्म १५६४ साली इटलीतील पिसा येथे झाला. वडिलांना वाटे पोराने डॉक्टर व्हावे, पण त्यांना गणिताची गोडी लागली. पृथ्वी फिरते असे ते सांगत. लोक विचारीत, मग आपल्याला कळत का नाही? १६३२ सालच्या पुस्तकात त्यांनी जहाजाचे उदाहरण दिले. जहाज एका वेगाने चालले तरी आतल्या खोलीत थेंब सरळ खालीच पडतो. कारण थेंबालाही जहाजाचाच वेग असतो.

स्टँडवर शेजारची एसटी सुटली, तेव्हा मला आमचीच गाडी मागे चालली असे वाटले. मी घाबरलो. खांबाकडे बघितलं, तर आम्ही जाग्यावरच!

१६३३ साली धर्मपीठाने त्यांना शिक्षा केली. घरातच कैद. पुढे डोळे गेले. १६४२ साली ते वारले. खरे सांगूनही शिक्षा झाली, याचे मला फार वाईट वाटते.

इयत्ता ४ थी