राचेल कार्सन : समुद्र न पाहिलेली मुलगी समुद्राची राखणदार कशी झाली?



परिसर अभ्यासात जलप्रदूषण शिकवताना आपण मुलांना काय सांगतो? पाण्यात कचरा टाकू नये, प्लास्टिक वापरू नये. मुलं पाठ करतात, पेपरात लिहितात, विषय संपला. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी समुद्र पाहिलेलाच नाही. न पाहिलेल्या समुद्राची काळजी त्यांना का वाटावी? म्हणून यंदा धड्याआधी मी त्यांना राचेल कार्सन यांची गोष्ट सांगितली. तीच आज तुमच्यासाठी.

बालपण व शिक्षण

राचेल यांचा जन्म २७ मे १९०७ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात स्प्रिंगडेल या गावी झाला. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर दूर. जवळ होती ती अलेघेनी नदी. आई मारिया लग्नाआधी शिक्षिका होती. ती लेकीला घेऊन शेतात, रानात फिरायची, पक्षी आणि किडे दाखवायची. समुद्र मात्र राचेलला फक्त पुस्तकांत भेटायचा. अकराव्या वर्षीच तिची गोष्ट मुलांच्या मासिकात छापून आली.

लेखिका व्हायचं म्हणून तिने कॉलेजात इंग्रजी विषय घेतला. पण जीवशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिकेने अशी गोडी लावली की तिने विषयच बदलला. एका चांगल्या शिक्षिकेमुळे काय घडतं बघा! १९२९ मध्ये पदवी मिळाली आणि त्याच उन्हाळ्यात ती वुड्स होल येथील सागरी प्रयोगशाळेत गेली. तिथे तिने समुद्र पहिल्यांदा पाहिला. तेव्हा वय होतं २२ वर्षे.

नोकरी आणि पुस्तके

१९३२ मध्ये राचेल प्राणिशास्त्रात एम.ए. झाल्या. पुढे पीएच.डी. करायची होती, पण घरी पैशांची चणचण. १९३५ मध्ये वडील वारले, दोन वर्षांनी बहीणही गेली. आई आणि दोन भाच्या यांची जबाबदारी राचेल यांच्यावर आली. सरकारी मत्स्य विभागात त्यांनी आधी रेडिओसाठी समुद्री जीवांवर लेखन केलं, मग तिथेच जीवशास्त्रज्ञ म्हणून नोकरी धरली. दिवसा ऑफिस, रात्री लेखन.

१९५१ मध्ये 'द सी अराउंड अस' हे त्यांचं समुद्रावरचं पुस्तक आलं. ते ८६ आठवडे सर्वाधिक खपाच्या यादीत होतं. शास्त्राचं पुस्तक लोक कादंबरीसारखे वाचत होते! पुढच्याच वर्षी त्यांनी नोकरी सोडली आणि पूर्णवेळ लेखन सुरू केलं.

चूक कबूल करण्याचे धैर्य

आता गोष्टीतला सर्वात महत्त्वाचा भाग. समुद्र इतका अफाट आहे की माणूस त्याचं काय बिघडवणार, असं त्या काळी सगळेच समजत. राचेल यांनाही तसंच वाटायचं. पण दुसऱ्या महायुद्धानंतर किरणोत्सारी कचरा पिंपांत भरून खोल समुद्रात टाकणं सुरू झालं. त्याचा अभ्यास करताना आपली समजूत चुकीची होती, हे त्यांना कळलं. १९६१ मध्ये त्याच गाजलेल्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीला त्यांनी प्रस्तावना लिहिली आणि स्पष्ट इशारा दिला. समुद्रात टाकलेलं विष एका जागी थांबत नाही. प्रवाह ते दूर नेतात, सूक्ष्म जीव ते शोषतात, त्यांना मासे खातात, आणि शेवटी ते माणसाच्या ताटातही येऊ शकतं.

१९६२ मध्ये त्यांचं 'सायलेंट स्प्रिंग', म्हणजे 'मुका वसंत', हे पुस्तक आलं. त्यात कॅनडातील मिरामिची नदीची हकिकत आहे. १९५४ मध्ये तिथल्या जंगलात झाडांवरची कीड मारायला विमानांतून डीडीटी फवारलं. औषध नदीत उतरलं. सॅल्मन मासा समुद्रात वाढतो, पण अंडी घालायला नदीत येतो. त्या वर्षीची सॅल्मनची पिल्लं मेली आणि त्यांचं खाद्य असलेले पाणकिडेही मेले. फवारा जंगलात, नुकसान समुद्राच्या माशाचं!

कीटकनाशक कंपन्यांनी राचेल यांच्यावर जोरदार टीका केली. बाईमाणूस, उगाच घाबरवते, असंही हिणवलं. सगळी औषधं बंद करा असं त्या म्हणतच नव्हत्या, बरं का. न तपासता, बेसुमार वापर नको, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान समितीने त्यांच्या मुद्द्यांना दुजोरा दिला. या सगळ्या काळात त्यांना कर्करोग होता. तो त्यांनी लोकांपासून लपवून ठेवला. १४ एप्रिल १९६४ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी त्या गेल्या.

१९७२ मध्ये अमेरिकेत डीडीटीच्या जवळजवळ सर्व वापरावर बंदी आली. त्याच वर्षी समुद्रात कचरा टाकण्यावर नियंत्रण आणणारा आंतरराष्ट्रीय करार लंडनमध्ये झाला. किरणोत्सारी कचरा टाकण्यावर पूर्ण बंदीचा निर्णय व्हायला मात्र १९९३ उजाडलं.

आपण काय करू शकतो?

भाची वारल्यावर तिच्या पाच वर्षांच्या मुलाला राचेल यांनी दत्तक घेतलं होतं. त्याला लहानपणापासून त्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर, कधी रात्रीही, फिरायला न्यायच्या. त्या अनुभवावर त्यांनी पालकांसाठी लेख लिहिला. मुलांना प्राण्यांची नावं पाठ करून घेण्याआधी त्यांचं नवल वाटू द्या, असा त्याचा आशय.

म्हणून धडा सुरू करण्याआधी मुलांना गावच्या ओढ्यावर न्या. हे पाणी कुठे जातं, ते विचारा. ओढा नदीला, नदी मोठ्या नदीला, असं करत नकाशावर बोट समुद्रापर्यंत नेऊ द्या. माझ्या वर्गात एका मुलीचं बोट बंगालच्या उपसागरावर थांबलं. मग ती म्हणाली, बाई, म्हणजे आपण समुद्राच्या वरच्या अंगालाच राहतो की!

त्या दिवशी मला धडा वेगळा शिकवावा लागला नाही. तुम्हीही करून बघा.